दोनशे ब्याऐंशी साचे, एक फाइल

२ जून, सोमवार. सकाळी ६:१०
रहिमतपूरला टायपिंगच्या क्लासमध्ये सर एकदा म्हणाले होते, हिची बोटं मशीनसाठीच झालीत. सत्तावीस वर्षं झाली. शेजारच्या मशीनवर संयोगिता बसायची, ती अजून म्हणते की सर तिच्याबद्दल बोलले. पण सर बघत माझ्याकडे होते. जरा तिरळे होते, तरीही.
आज आठवायचं कारण, मी भाऊसोंना शब्द देऊन बसलेय. कारखान्यातले सगळे साचे कॉम्प्युटरवर घेते आणि सॉफ्टवेअर मी स्वतः लिहिते. भाऊसो मालक. आधी विचारलं, किती जाईल. काही नाही म्हटल्यावर लगेच हो म्हणाले.
संकल्प: पाचला उठणे. रोज एक तास पायथन, म्हणजे प्रोग्रॅम लिहायची भाषा. चहा दोनदाच. कुणावर चिडायचं नाही.
पाचला उठणे उद्यापासून.

३ जून, मंगळवार
उठले सहा पन्नासला. पण उठल्यावर डोकं अगदी लख्ख होतं, तेव्हा फायदा तोच.
प्रकल्पाची ओळख लिहून ठेवते, पुढे यावर पुस्तक लिहीन, त्यात वापरता येईल. कुपवाडला आमचा ओतकामाचा छोटा कारखाना, मी तिथं ऑफिसात. गिऱ्हाइकाला जो भाग हवा त्याचा लाकडी साचा असतो. तो वाळूत दाबायचा, खळगा पडतो, त्यात वितळलेलं लोखंड ओतायचं. साचा गिऱ्हाइकाचा, आपण नुसते सांभाळणारे. गिऱ्हाईक चार-चार वर्षांनी उगवतं आणि तोच भाग पुन्हा ओतून द्या म्हणतं. असे दोनशे ब्याऐंशी. कुठला कुणाचा आणि कुठे ठेवलाय हे एकाच माणसाला माहीत आहे. आप्पासो. एकतीस जुलैला ते काम सोडून गावी जाणार, वडूजच्या पुढे. भावाची मेंढरं आहेत.
म्हणजे माझ्याकडे दोन महिने. भरपूर.
अडचण एकच. चौतीस वर्षांत आप्पासोंनी प्रत्येक साच्याला नाव ठेवलंय आणि लाल रंगानं त्यावर लिहिलंय. हत्तीचा कान. सासूचा गळा. मुका नवरदेव. मागे पुण्याचे साहेब आले होते, त्यांच्यासमोर भट्टीवरून नानासो ओरडला, खुळ्या आत्याला खाली घ्या रं! साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. मला तोंड लपवावंसं झालं.
हे बदललं पाहिजे.

५ जून, गुरुवार. दुपारी
सोनमला फोन केला. लेक साताऱ्याला इंजिनिअरिंगला आहे, थोडंफार तिलाही कळतं. म्हणाली, मम्मी, मोठं काही नको, एसक्यूएलाइट घे, छोटा डेटाबेस असतो.
शंका आणि उत्तरं, पुस्तकासाठी:
डेटाबेस कुठे बसवायचा? कुठेच नाही. तो प्रोग्रॅमच्या पोटातच राहतो आणि सगळं एका फाइलीत ठेवतो. वेगळं मशीन नको, वेगळा माणूस नको.
पासवर्ड? नसतो. ज्याच्या हातात फाइल त्याच्या हातात सगळं.
दोनशे ब्याऐंशी मावतील का? सोनम हसली. म्हणाली, लाखांनी मावतात. त्यात हसण्यासारखं काय होतं?
नंबर कोण घालतं? तोच, आपोआप. एकपासून.
मला फार पटलं. बाईच्या आयुष्यात असं काहीतरी असायला हवं. एक फाइल. शोधायला गेलं की आहे.

९ जून, सोमवार
शनिवारी एक्केचाळीस साचे भरले. आज उघडलं तर एकही नाही. कोरं.
वीजमंडळ. शनिवारी दुपारी लाइट ये-जा करत होती, मी म्हटलंही होतं.
संध्याकाळी सोनम म्हणाली, कमिट केलंस का? म्हणजे लिहून झालं की पक्कं कर असं त्याला वेगळं सांगावं लागतं. सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि पक्कं काहीच नव्हतं. नवऱ्याचं, जयराजचंही असंच आहे, मागच्या उन्हाळ्यापासून बाथरूमच्या नळाचं.
नवीन संकल्प: जे करायचं ते पक्कं करायचं.

११ जून, बुधवार
डेटाबेसचं मन किती मोठं आहे ते आज कळलं. रॅकचा रकाना आकड्यांसाठी ठेवला होता. एका साच्यापुढे माझ्या हातून खिडकीजवळ असं लिहिलं गेलं. मुकाट्यानं घेतलं. मग मुद्दाम नानासोच्या डब्यामागे असं लिहून बघितलं. तेही घेतलं. एक शब्द नाही. आमच्या घरी आमटीत मीठ कमी पडलं तर चार दिवस ऐकावं लागतं.
सोनम म्हणते, तो सैल असतो, चुका तुलाच पकडायच्या असतात. या वयात मुलांना सगळीकडे चुकाच दिसतात.
दुपारी त्याला म्हटलं, पाच नंबरच्या पुढचे रॅक दाखव. त्यानं खिडकीजवळचाही दाखवला. खिडकी खरंच पाचच्या पुढे आहे! एवढी समज माणसात नाही.

१३ जून, शुक्रवार
चारच्या चहाला आप्पासो कप घेऊन रॅकपाशी उभे राहतात. आज म्हणाले, ताई, वही घ्या, रोज चार-चार सांगतू. म्हंजी जाईस्तवर निम्मं-अर्धं तरी तुमच्या ध्यानात ऱ्हाईल.
म्हटलं, नुसतं गिऱ्हाईक आणि भाग सांगा. गोष्ट नको, गोष्टीला रकाना नाही.
त्यांनी हत्तीच्या कानावर हात ठेवला. म्हणाले, गोष्ट काढली तर मग नुस्तं लाकूड ऱ्हातंय.
जुन्या लोकांना कॉम्प्युटरची भीती वाटते, ती समजून घ्यायला हवी. मी समजून घेतलं. म्हटलं, उद्यापासून नक्की बसू.

२० जून, शुक्रवार
रॅकवरचे शंभर झाले. आजपासून स्क्रीनवर एक इंग्रजी वाक्य येतंय, अर्थ असा की डेटाबेसला कुलूप आहे. काहीच लिहू देत नाही. पासवर्ड नाही म्हणून मला काळजी होती, पण यानं स्वतःच सोय केली. भाऊसोंनी विचारलं, काम का थांबलंय. म्हटलं, सुरक्षा.

२३ जून, सोमवार
कुलूप मीच लावलं होतं. दुसऱ्या खिडकीत तीच फाइल उघडी होती, अर्धवट बदल करून सोडलेली. एका वेळी एकालाच लिहू देतो. वाचायला कितीही या, लिहायला एकेक. हा नियम आमच्या कारखान्यातही हवा, तिथं एकाच वेळी सगळे बोलतात.
आप्पासोंबरोबर बसायचं राहिलं. परवापासून.

२९ जून, रविवार
माळ्यावरचे साचे भरायला घेतले. एकशे अठरा आहेत. माळ्यावर प्लग नाही, म्हणून आप्पासोंनी वरून सांगितलं, मी खाली कागदावर उतरवलं, आणि आता घरी सोनमच्या जुन्या लॅपटॉपवर भरतेय. प्रोग्रॅम तोच. फाइलचं नावही तेच, साचे.
शंका: दोन कॉम्प्युटरवर चालेल का? सोनमची परीक्षा आहे म्हणून उत्तर मीच दिलं. चालेल. नाव एक म्हणजे फाइल एक.
नंबर मी बघतसुद्धा नाही. आपोआप पडतात, तेच तर सुख.
आप्पासोंनी वरून सांगताना मध्ये मध्ये गोष्टी घातल्याच. ही दोघी जावा हायेत, दिसायला सारख्या, पण धाकलीला बोटभर कंबर जास्त. मी लिहिलं: पंप केसिंग, नग दोन. ते माळ्यावरून खाली वाकले. मग म्हणाले, लिवलं का? म्हटलं, लिहिलं.
भरून झाल्यावर कागद रद्दीत. पसारा नको.

८ जुलै, मंगळवार
नंबरांचे स्टिकर छापले. कारखान्यातून रॅकचे, लॅपटॉपवरून माळ्याचे. पण चिकटेनात. लाकडावर धूळ, तेल आणि आप्पासोंचा लाल रंग. नानासोला थिनरचा डबा दिला आणि सगळे पुसून घ्यायला सांगितलं. नानासो म्हणाला, नावं जातील की ओ. म्हटलं, नावं आता कॉम्प्युटरमध्ये आहेत.
खरं तर नावं घेतली नाहीत. टोपणनाव असा रकाना एकदा केला होता, पण पुण्याच्या साहेबांना काय दाखवायचं? काढून टाकला. नावाचं काम आता नंबर करणार.
दोन दिवसांत सगळे साचे अंगाला उटणं लावल्यासारखे स्वच्छ.

९ जुलै, बुधवार
आप्पासो आज चहाला थांबले नाहीत. वयामुळे चहा कमी केला असावा. चांगलं आहे. मी पण करणार होते.

१५ जुलै, मंगळवार
आजही थांबले नाहीत. त्यांना वेळ नाही तर मी तरी काय करणार? बसायची माझी तयारी होती.
पुस्तकाचं नाव सुचलं: गृहिणींसाठी डेटाबेस. पण मी गृहिणी नाही, नोकरी करते. नोकरदार गृहिणींसाठी डेटाबेस. बघू. रहिमतपूरला माहेरी वर्गही काढता येईल. संयोगिता आली तर पुढच्या बाकावर बसवीन.

२२ जुलै, मंगळवार. रात्री ८:०५
बॅकअपचा दिवस. याचा बॅकअप म्हणजे फक्त फाइल कॉपी करायची, इतकं सोपं. कारखान्यातली फाइल पेनड्राइव्हवर घेतली. पेनड्राइव्हवरून घरच्या लॅपटॉपवर. त्यानं विचारलं, या नावाची फाइल इथे आधीच आहे, तिच्या जागी ही ठेवू का? नवं ते चांगलं. म्हटलं, ठेव. तिथून सोनमला मेल, आणि मेलवरून भाऊसोंच्या कॉम्प्युटरवर.
चार ठिकाणी सुरक्षित! मोठ्या मोठ्या कंपन्या एवढं करत नसतील.
रात्रीची भाजी चिरता चिरता मोजणी लावली. एकशे चौसष्ट आले. माळ्यावरचे दिसले नाहीत. आत कुठेतरी असतील. निवांत बघते.

३१ जुलै, गुरुवार
आप्पासोंचा निरोप समारंभ. शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ. मी भाषण केलं. चांगलं झालं. म्हटलं, आजवर आपण ऊठसूट आप्पासोंना हाका मारल्या, पण आता त्यांना कधीच त्रास द्यावा लागणार नाही, सगळं इथे आलंय. आणि पेनड्राइव्ह वर करून दाखवला. टाळ्या पडल्या. आप्पासो नारळाच्या शेंड्या उपटत होते.
जाताना माझ्या टेबलाशी आले. म्हणाले, कवा काय नड लागली तर हाक मारा, ताई. फोन बायकूकडं, भामाबाईकडं असतू.
त्यांना उगाच आशेवर ठेवायला नको म्हणून स्पष्ट सांगितलं, लागणार नाही.
म्हणाले, बरं झालं. दारापर्यंत जाऊन परत वळले आणि पुन्हा म्हणाले, बरं झालं.

४ ऑगस्ट, सोमवार
नानासोला सांगितलं, सगळे साचे नंबराप्रमाणे ओळीत लावा. माळ्यावरचे खाली घेतले, जुने रॅक मोडून नवी मांडणी. अकरा वाजता नानासो ऑफिसात आला. हात कमरेवर. म्हणाला, म्याडम, एक नंबर दोन हायेत. दोन नंबर बी दोन. तीन बी. तुमी सगळ्यांचं लगीन लावून दिलंय व्हय?
मागून भट्टीवरची पोरं हसली. जाऊन बघितलं. एकशे अठरापर्यंत प्रत्येक नंबराला जोडीदार. पुढे एकटे.
प्रिंटरचा घोटाळा दिसतोय.

५ ऑगस्ट, मंगळवार
सोनमची परीक्षा संपली. तिला सगळं सांगितलं. तिनं सगळं दोनदा विचारून घेतलं, तेव्हाच ओळखलं. मग हळू आवाजात म्हणाली, मम्मी, त्या दोन वेगळ्या फायली होत्या गं. दोघींनी आपापलं एकपासून मोजलं. आणि तू एकीवर दुसरी ठेवलीस. माळ्याची गेली.
म्हटलं, चार ठिकाणी आहे.
म्हणाली, चारही ठिकाणी रॅकचीच आहे.
मी म्हटलं, ठीक आहे, मला कल्पना होती.
कल्पना नव्हती.
रद्दीवाल्याकडे जाऊन आले. त्याचा टेम्पो शनिवारीच गेला.

६ ऑगस्ट, बुधवार
घाबरण्यासारखं काही नाही. एकशे अठराच आहेत. रॅकचे आणि माळ्याचे वेगळे कसे करायचे एवढंच. दोघांच्या अंगावर सारखाच स्टिकर, आणि थिनरनं दोघांचंही अंग सारखंच गोरं. मी सगळ्यांसमोर खुर्ची घेऊन बसले. एक तास बघितलं. साचे काही बोलले नाहीत.
दुपारी कऱ्हाडच्या पंपवाल्यांचा फोन. भाऊसोंच्या वडिलांपासूनचं गिऱ्हाईक. जुन्या केसिंगचे, म्हणजे पंपाच्या बाहेरच्या कवचाचे, बारा नग, पंचवीस तारखेपर्यंत. भाऊसोंनी मला विचारलं, म्याडम, साचा आहे ना? म्हटलं, आहे. खोटं नाही. आहेच, त्या ढिगात कुठेतरी.

७ ऑगस्ट, गुरुवार
पंपवाल्यांकडून जुन्या नगाचा फोटो मागवला. तीन साचे तसे दिसतात. नानासो म्हणाला, दोघी जावा असत्याल, तिसरी कोण ठावं न्हाई, आणि त्यातली कऱ्हाडची कंची ते आप्पासोलाच ठावं. त्यानं फोन लावू का विचारलं. मी नको म्हटलं. एवढ्याशासाठी कशाला? निरीक्षणानं ठरवता येतं. मधला घेतला. मधल्यात एक आत्मविश्वास होता.

१३ ऑगस्ट, बुधवार
बाराही नग परत. कंबर बोटभर जास्त.
पंपवाले भाऊसोंना म्हणाले, पंचवीसला बरोबर माल द्या, नाहीतर आमचे सगळे साचे गाडीत भरून द्या, दुसरीकडे ओतून घेऊ. अठरा साचे आहेत म्हणे त्यांचे. भाऊसोंनी माझ्याकडे बघितलं. कुठले अठरा, हे मी सांगू शकले नाही.
भाऊसो ओरडले असते तर बरं झालं असतं. चष्मा काढून पुसत राहिले. म्हणाले, लोकांनी विश्वासानं ठेवलेली वस्तू आहे हो, म्याडम.

१४ ऑगस्ट, गुरुवार
नानासोनं मला न विचारता आप्पासोंना फोन केला होता. मंगळवारीच. मला आज सांगितलं, तेही तोंड दुसरीकडे करून. आप्पासो म्हणाले म्हणे, मला कशापायी इचारताय? फाइलीत बगा. ताईंनी समदं घातलंया.
रागानं म्हणाले का, असं मी विचारलं. नानासो म्हणाला, न्हाई. त्येच तर.

१५ ऑगस्ट, शुक्रवार. सकाळी ११
झेंडावंदन करून आले आणि मी लावला फोन. भामाबाईंनी उचलला. माझं नाव सांगितल्यावर पलीकडे नुसती कोंबडी ओरडत होती. मग म्हणाल्या, बाई, त्येंचं काय इचारू नगा. कुपवाडचं नाव काढलं की ताटावरनं उठत्यात. चौतीस वर्सं लेकरावानी सांभाळलं, आन् जाताना पुसून टाकलं म्हणत्यात. कुणी वो पुसलं?
मी म्हटलं, रेंज नाही. आणि ठेवला.
रेंज होती.

१६ ऑगस्ट, शनिवार. दुपारी ३:४०
जयराजला काल सगळं सांगितलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा. सकाळी उठून त्यानं बाथरूमचा नळ दुरुस्त केला.
आज एकही संकल्प नाही.
चार वाजता आप्पासो माळरानावरून चहाला घरी येतात, अशी माहिती नानासोनं काढून दिलीय. फोन भामाबाई उचलतील, त्यांच्या हातापाया पडून म्हणायचं, आप्पासोंना द्या. आप्पासो ठेवून देतील. बहुतेक हॅलो म्हणायच्या आधीच. तरी काय बोलायचं ते लिहून घेते, नाहीतर मी भलतंच काहीतरी प्रकल्पाबद्दल बोलायला लागेन.
आप्पासो, राजेश्वरी बोलतेय. भामाबाई विचारत होत्या ना, कुणी पुसलं. मी पुसलं. नानासोनं नाही, त्याला मीच डबा दिला होता. आणि फाइलीत काही नाही. माळ्यावरचं एकही नाही. भाषण केलं तेव्हाच नव्हतं, मला कळलं नव्हतं एवढंच.
तुम्ही कारखान्यात या, असं म्हणायला मला तोंड नाही. मीच येते, उद्या, सकाळच्या एसटीनं. सगळ्या साच्यांचे फोटो कागदावर काढून घेतलेत. लॅपटॉप आणणार नाही. लाल रंगाची डबी आणि ब्रश नानासोनं आणून ठेवलाय, परत आल्यावर तोच लिहिणार आहे, माझं अक्षर चालायचं नाही म्हणतो.
तुमचं काम मोडायला नको. तुम्ही मेंढरांमागं चाला, मी तुमच्यामागं चालेन. एकेक फोटो तुमच्या हातात देईन, मध्ये बोलणार नाही. कितीही दिवस लागू देत. त्या दोघी जावांपासून सुरू कराल का?